कट्टी, बट्टी आणि त्यांच्या मधले बोलणे

गेल्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या धर्मशिक्षण वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर एक प्रसंग घडला. तिसरीत शिकणाऱ्या दोन मुलांपैकी एकाने दुसऱ्याला ढकलले. तो दोन पायऱ्या खाली पडला आणि त्याचा गुडघा सोलवटला. आम्ही धावत गेलो, जखम धुतली आणि मग अशा वेळी सगळीच वडीलधारी मंडळी जे करतात तेच आम्हीही केले. दोघांना समोरासमोर उभे केले, ढकलणाऱ्याला "सॉरी म्हण" असे बजावले, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिला आणि मिस्साची घंटा झाली म्हणून सर्वांना रांगेने चर्चमध्ये नेले. या समेटास फार तर दीड मिनिट लागले असेल.

पुढच्या रविवारी ढकलणारा मुलगा वर्गास आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याची आजी बाजारात भेटली, तेव्हा खरी हकीगत कळली. या मुलाचे वडील बोटीवर नोकरीस आहेत आणि त्यांचा करार काही महिने वाढला होता. दुसरा मुलगा गेले कित्येक दिवस त्याला, "तुझे पप्पा तुम्हांला सोडून गेले, आता येणारच नाहीत," असे चिडवीत होता. मुलाने घरी कोणाला विचारले नाही, कारण ते खरे निघाले तर काय, ही धास्ती त्याच्या मनात होती. पायऱ्यांवर त्याचा बांध फुटला. आणि आम्ही काय केले? ज्याने धक्का दिला त्याला माफी मागावयास लावली. धक्का का दिला, हे विचारण्याचे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

तेव्हापासून आम्ही, म्हणजे रविवारचा वर्ग चालविणारे चार-पाच जण, या विषयाचा जमेल तसा अभ्यास करीत आहोत. प्राथमिक शाळेतील मुलांना भांडण सोडवावयास आणि मनातले नीट बोलावयास शिकविता येते काय, आणि येत असेल तर ते कसे, याविषयी जे वाचले, पाहिले आणि करून बघितले, ते पालकांसमोर आणि शिक्षकांसमोर ठेवीत आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की लहान मुलांचे भांडण ही काही आपत्ती नव्हे. सहा ते दहा या वयात मूल प्रथमच घराबाहेरच्या समवयस्कांत रोजचे पाच-सहा तास काढते. खोडरबर, खिडकीजवळची जागा, क्रिकेटमधली पहिली बॅटिंग या गोष्टी आपल्याला क्षुल्लक वाटतात, परंतु त्यांच्या जगात तीच शेतजमीन आणि तोच बांध असतो. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारांवरील आपला ग्रंथ 1932 साली प्रसिद्ध केला. त्यासाठी ते गोट्या खेळणाऱ्या मुलांबरोबर बसून खेळाच्या नियमांविषयी प्रश्न विचारीत. लहान मुलांना नियम हे वरून आलेले, कधीही न बदलणारे वाटत. दहाव्या वर्षाच्या आसपासची मुले मात्र नियम आपण सर्वांनी मिळून ठरवितो आणि संमतीने बदलू शकतो, असे म्हणू लागत. पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार उघडताना नकळत पंधरा कप फोडले. दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा खाताना एकच कप फुटला. अधिक दोषी कोण? लहानग्यांपैकी पुष्कळांचे उत्तर असे : पंधरा कप फोडणारा.

आमच्या वर्गात आम्ही हीच गोष्ट सांगून पाहिली. कपांऐवजी अंडी घेतली, एवढाच बदल. पहिली-दुसरीतील बहुतेक मुलांनी अंडी मोजली आणि चौथीतील मुलांनी "पण त्याने मुद्दाम नाही केले ना, टीचर!" असा आक्षेप घेतला. "मुद्दाम" आणि "चुकून" यांतला फरक ओळखता येणे ही भांडण मिटविण्याची पहिली पायरी आहे, आणि ती सहाव्या वर्षी आपोआप येत नाही. वही फाटली की ती फाडलीच असे त्या वयात वाटते. म्हणून लहानांच्या बाबतीत मोठ्यांनी न्यायाधीश होण्याची घाई करण्याऐवजी, "त्याला ठाऊक होते का? त्याला विचारू या का?" एवढे विचारले तरी पुष्कळ काम होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मुले या बाबतीत अगदीच निःशस्त्र नसतात. आपल्या मराठी अंगणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली त्यांची स्वतःची अशी एक न्यायव्यवस्था आहे. करंगळी दाखवून कट्टी होते, दोन बोटे जुळवून बट्टी होते. राज्य कोणावर हे ठरविण्यासाठी हात उलटे-सुलटे टाकून सुटण्याची पद्धत आहे. आणि या सगळ्यांत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती "टाइमप्लीज". खेळ ऐन रंगात असताना कोणाला लागले, चप्पल तुटली किंवा वाद झाला की कोणीतरी हात वर करून "टाइमप्लीज" म्हणते आणि सर्व जण, पाठलाग करणारासुद्धा, जागच्या जागी थांबतात. कोणत्याही मोठ्या माणसाने हा नियम त्यांना शिकविलेला नाही.

अमेरिकेत 1980 च्या दशकात मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरोल कुशे या दोघांनी प्राथमिक शाळांसाठी 'पाथ्स' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचा आरंभ मूकबधिर मुलांबरोबरच्या कामातून झाला. त्यात एका कासवाची गोष्ट आहे. राग आला की कासवाने कवचात शिरावयाचे, म्हणजे मुलाने हात छातीशी घट्ट घ्यावयाचे, दीर्घ श्वास घ्यावयाचा, आणि मन थोडे शांत झाल्यावर काय बिनसले व कसे वाटते आहे हे सांगावयाचे. आपल्याकडील मुलांना कासव म्हटले की पंचतंत्रातील ते बडबडे कासव आठवते, ज्याला तोंड मिटून राहणे जमले नाही म्हणून ते आकाशातून खाली पडले. आमच्या वर्गात ही दोन्ही कासवे एकत्र आली. परंतु प्रत्यक्षात मुलांनी उचलला तो शब्द "टाइमप्लीज" हाच. भांडणाच्या वेळीही तो वापरता येतो, ही कल्पना त्यांना इतकी आवडली की पहिला महिनाभर पाठ न झालेल्या प्रार्थनेच्या वेळीसुद्धा तो ऐकू येऊ लागला!

थांबल्यानंतर बोलावयाचे असते, आणि येथे शब्दांची अडचण सुरू होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी 1962 साली पालकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केले. त्यांची एक साधी शिकवण जगभर पोहोचली आहे : दुसऱ्यावर आरोप करणारे वाक्य "तू" ने सुरू होते, ते "मी" ने सुरू करून पाहा. "तू लबाड आहेस" असे म्हटले की समोरच्याला उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर बहुधा "तूच लबाड" हे असते. "माझी पाळी आली तेव्हा तू बॅट दिली नाहीस, मला वाईट वाटले" असे म्हटले की वाद घालावयास जागा कमी उरते. वाईट वाटले की नाही, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

ही शिकवण इंग्रजीतून मराठीत आणताना मात्र एक खाचखळगा आहे, आणि तो आमच्या लक्षात बऱ्याच उशिरा आला. आपल्या भाषेत "मला वाटते" हे भावनेलाही लागते आणि मतालाही. "मला एकटे वाटते" आणि "मला वाटते तू खोटारडा आहेस" ही दोन्ही वाक्ये एकाच शब्दाने सुरू होतात. मुलांना "मला वाटते असे बोला" म्हणून सांगितले तेव्हा एका चुणचुणीत मुलीने लगेच, "टीचर, मला वाटते ही मूर्ख आहे," असे वाक्य करून दाखविले. नियमाचे पालन झाले आणि भांडणही कायम राहिले! त्यानंतर आम्ही "वाटते" च्या आधी काय येते ते पाहावयास शिकविले. वाईट वाटते, भीती वाटते, लाज वाटते, एकटे वाटते. "वाटते" च्या पुढे "तू" आला की ते वाक्य पुन्हा करावयाचे.

पण त्याच आपल्या भाषेने एक मोठी सोयही करून ठेविली आहे. मराठीत माणूस रागावतो खरा, परंतु त्याहून अधिक वेळा त्याला राग "येतो". राग येतो, राग जातो, कधी नाकाच्या शेंड्यावर बसतो. म्हणजे राग हा पाहुणा आहे, घरधनी नव्हे. दुसरीतील मुलालाही हे पटकन कळते. "राग आला आहे का? कधी आला? काय घेऊन आला?" असे विचारले की मूल क्षणभर स्वतःकडे पाहू लागते. आणि रागाच्या मागून बहुधा दुसरेच कोणीतरी आलेले असते. पायऱ्यांवरच्या त्या मुलाच्या रागामागे भीती होती.

यासाठी मुलांजवळ शब्द हवेत. आम्ही वर्गात एकदा विचारले, कसे कसे वाटू शकते? उत्तरे आली : चांगले, वाईट, राग, आणि "बोअर". एवढ्या चार शब्दांवर आठ वर्षांचे आयुष्य चालले होते. वास्तविक मराठीत या बाबतीत श्रीमंती आहे. रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, वैतागणे, धास्तावणे, हेवा वाटणे, चुकल्याचुकल्यासारखे वाटणे. रोज एक शब्द घ्यावा आणि "तू कधी हिरमुसला होतास?" असे रात्री जेवताना विचारावे. आजी-आजोबांकडे या शब्दांचा साठा आपल्यापेक्षा मोठा आहे. आपल्या गावच्या बोलीतील शब्द तर अवश्य शिकवावेत, कारण मूल रडते ते बोलीत, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत नव्हे.

बोलण्यापेक्षा ऐकणे कठीण. आमच्याकडे किनाऱ्यावरून आणलेला एक मोठा शिंपला आहे. गोलात बसल्यावर ज्याच्या हाती शिंपला तोच बोलेल, इतरांनी ऐकावे, आणि पुढच्याने बोलण्यापूर्वी आधीच्याने काय म्हटले ते एका वाक्यात सांगावे, एवढाच नियम. प्रारंभी मुले चेष्टा करतात आणि ऐकलेले मुद्दाम उलटे सांगतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादे मूल, "नाही, मी तसे म्हटलेच नव्हते," असे म्हणून पुन्हा समजावून सांगते आणि दुसरे पुन्हा ऐकते. त्या क्षणी शिकविणाऱ्याने मध्ये पडू नये. आम्हांला हे अजूनही जमत नाही, हे कबूल केले पाहिजे. गप्प बसणे हा शिक्षकांचा गुण नव्हे.

आता "सॉरी" विषयी. हा शब्द मराठी मुलांच्या तोंडी इतका रुळला आहे की तो आता दाराची कडी झाला आहे. म्हटला की सुटका होते. सक्तीने वदविलेल्या माफीतून मूल एवढेच शिकते की हा शब्द उच्चारला की मोठी माणसे निघून जातात. आम्ही त्याऐवजी तीन गोष्टी बोलावयास सांगतो : मी काय केले, त्यामुळे तुला काय झाले, आणि आता मी काय करीन. "मी तुझ्या चित्रावर रेघ ओढली. तुझी मेहनत फुकट गेली. मी तुला नवा कागद देतो आणि रंगवावयास मदत करतो." जक्कयाची गोष्ट लहानांना पाठ असते. उंबराच्या झाडावरून उतरलेल्या त्या बुटक्या जकातदाराने केवळ खेद दर्शविला नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याची तयारी त्याने दाखविली. चौपट म्हणजे किती, हे मुले लगेच बोटांवर मोजतात. चार खोडरबर!

प्रथम कम्युनियनच्या तयारीत असलेल्या मुलांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला समज आली असे धरले जाते आणि प्रथम कम्युनियनच्या आधी ते प्रायश्चित्त संस्कार स्वीकारते. पण मूल पापांची जी यादी पाठ करून येते, ती पुष्कळदा आपणच लिहून दिलेली असते. "मी भांडलो" हे त्यात असतेच. कोणाशी, कशावरून, आणि त्याच्याशी नंतर बोललास का, हे कोणी विचारीत नाही. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. येथे राग भावाच्या मनात आहे, आपल्या नव्हे, हे पुष्कळदा वाचताना निसटते. ज्याच्यावर कोणी रुसले आहे त्यानेच उठून जावयाचे आहे.

त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तर एक क्रमच घालून दिला आहे. भावाने अपराध केला तर प्रथम त्याला एकांतात गाठून बोल. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण मोठी माणसे हा क्रम बरोबर उलटा चालवितो. प्रथम मंडळीला सांगतो, मग एक-दोघांना, आणि ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याशी शेवटपर्यंत बोलत नाही. एकाच वाडीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दहा-दहा वर्षे अबोला धरून राहणारी आणि एकाच मिस्साला येणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत नाहीत काय? मुले ते पाहतात. कट्टी त्यांनी कोठून घेतली, हे शोधावयास फार लांब जावे लागणार नाही.

वरील क्रमातील दुसऱ्या पायरीवर, म्हणजे "एक-दोघांना बरोबर ने" यावर, आधुनिक शाळांनी पुष्कळ काम केले आहे. 1985 साली न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने शिक्षकांच्या एका संघटनेबरोबर 'रिझॉल्व्हिंग कॉन्फ्लिक्ट क्रिएटिव्हली' हा कार्यक्रम सुरू केला. वर्गात संवाद, ऐकणे, राग हाताळणे यांचे पाठ, आणि वरच्या इयत्तांतील निवडक मुलांना मध्यस्थीचे प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप होते. ही मध्यस्थ मुले मधल्या सुट्टीत मैदानावर असत. ती निवाडा देत नसत. दोघांनाही, "काय झाले? तुला कसे वाटले? आता काय केले तर दोघांना चालेल?" असे विचारीत. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम राबविली, तिचाही आधार गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटविणे हाच होता. मुलांना हे सांगितले तर त्यांना आपला वर्गही एक गावच वाटू लागतो.

न्यूयॉर्कच्या त्या कार्यक्रमाचा 1990 च्या दशकात 15 प्राथमिक शाळांत, हजारो मुलांवर, दोन वर्षे अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष आम्हां शिकविणाऱ्यांना खजील करणारा आहे. वय वाढते तशी मुलांतील आक्रमकता वाढत होती. पण ज्या वर्गांत शिक्षकांनी हे पाठ वर्षभर नियमितपणे घेतले, तेथे ती वाढ मंदावली. ज्या शिक्षकांनी स्वतः भरपूर प्रशिक्षण घेतले, परंतु वर्गात पाठ मात्र थोडेच घेतले, त्यांच्या मुलांत हा लाभ दिसला नाही. उलट त्यांची स्थिती अधिक वाईट आढळली. आपल्याकडे शिबिरे, चर्चासत्रे आणि प्रमाणपत्रे यांची उणीव नाही. एक दिवसाचे शिबिर, दुपारचे जेवण, सामूहिक छायाचित्र, आणि सोमवारी पुन्हा "गप्प बसा, हाताची घडी!" असे असेल तर ते शिबिर न घेतलेलेच बरे.

हे सारे करावयास वेळ कोठे आहे, अभ्यासक्रम कोण पुरा करील, असे शिक्षक विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. 2011 साली जोसेफ डर्लक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत मिळून सुमारे 2 लाख 70 हजार विद्यार्थी होते. मुलांचे वागणे सुधारले, आणि अभ्यासातही ती सरासरी 11 पर्सेंटाइलने पुढे गेली. म्हणजे शंभर जणांच्या रांगेत मध्यावर उभे असलेले मूल अकरा जागा पुढे सरकले. भांडणात आणि धास्तीत अडकलेल्या मनाला सातचा पाढा कसा सुचावा, हे पाहता यात फारसे नवल नाही. आपल्या राज्यातही 2009 साली बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांपासून 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू झाला. त्यात मूल्ये फळ्यावर लिहून देण्याऐवजी जोडीने आणि गटाने करावयाच्या कृतींवर भर आहे. 2009 च्याच शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. छडी गेली हे उत्तमच झाले. पण तिच्या जागी काय ठेवावे, हे शिक्षकांना कोणी फारसे शिकविले नाही, आणि ती रिकामी जागा पुष्कळ ठिकाणी नुसत्या ओरडण्याने भरली आहे.

या संदर्भात संत जॉन बॉस्को यांच्या बालपणीच्या स्वप्नाची आठवण होते. पोप पायस नववे यांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या आपल्या आठवणींत त्यांनी ते सांगितले आहे. नऊ वर्षांचा जॉन स्वप्नात पाहतो की मुलांचा मोठा घोळका खेळतो आहे, काही जण शिव्याशाप देत आहेत. त्यांना गप्प करण्यासाठी तो मुठी आवळून त्यांच्यात घुसतो. तेव्हा एक तेजस्वी पुरुष त्याला थांबवितो आणि सांगतो की ही मुले ठोशांनी नव्हे, तर सौम्यतेने आणि प्रेमाने मित्र करावयाची आहेत. आम्हांला या कथेतील मुठी फार जवळच्या वाटतात. शांतता प्रस्थापित करावयास निघालेला संतसुद्धा प्रथम मारावयासच धावला होता! पुढे 1877 साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती मांडली, तिचे तीन आधार म्हणजे विवेक, धर्म आणि वात्सल्य. 1884 साली रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते मुलांना जाणवले पाहिजे.

येथे एक गंभीर सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. भांडण आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन सारख्या ताकदीच्या मुलांचा बॅटवरून वाद झाला तर त्यांना समोरासमोर बसवावे. परंतु एखादे मोठे किंवा बलवान मूल, अथवा मुलांची टोळी, एकाच मुलाला वारंवार सतावीत असेल, तर तेथे मध्यस्थी नको. त्रास सोसणाऱ्या मुलाला, "तूही थोडे समजून घे, क्षमा कर," असे सांगणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. तेथे प्रथम मोठ्यांनी छळ थांबवावयाचा असतो. आणि छळ करणारी व्यक्ती प्रौढ असेल, मग ती नात्यातील असो, शाळेतील असो वा चर्चमधील असो, तर तो विषय समेटाचा नाहीच. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. संकटातील मुलांसाठी 1098 हा मोफत मदत क्रमांक आहे. तो मुलांना पाठ करून द्यावा. चहाडी आणि मदत यांतील भेदही समजावून द्यावा : कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी, कोणी सुरक्षित राहावे म्हणून सांगणे ही मदत. क्षमेची शिकवण देताना मुलाच्या तोंडाला कुलूप लागणार नाही, ही काळजी आपण ख्रिस्ती पालकांनी इतरांपेक्षा अधिक घ्यावयास हवी.

घराविषयी थोडेच सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊकच आहे. पोप फ्रान्सिस यांनी 13 मे 2015 च्या जाहीर भेटीत कुटुंबांना तीन शब्दांची आठवण करून दिली होती : परवानगी मागणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे. समेट केल्याशिवाय दिवस संपू देऊ नका, असेही त्यांचे वारंवार सांगणे असे. आईवडिलांचे भांडण मुलांसमोर होऊ नये असे म्हणतात, पण लहान घरांत ते शक्य नसते. निदान एवढे करता येईल की भांडण मुलांसमोर झाले असेल तर ते मिटतानाही मुलांना दिसावे. आपण भांडतो बैठकीत आणि मिटवितो दार लावून. मुलांना अर्धाच धडा मिळतो. वडिलांनी मुलाकडे, "मघाशी मी उगाच ओरडलो, चुकले माझे," असे म्हटल्याने वडिलांचा मान कमी झाल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

त्या पायऱ्यांवरच्या मुलाचे काय झाले, हे वाचकांना सांगावयाचे राहिले. नाताळापूर्वी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि प्रथम आमचेच चुकले असे त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. त्याच्या आईने त्या रात्री बोटीवर फोन लावून बापलेकांचे बोलणे करून दिले. दुसऱ्या मुलाशीही आम्ही स्वतंत्रपणे बोललो. आपण जे चिडविण्यासाठी बोलत होतो, ते समोरच्याला खरे वाटत होते, हे ऐकून तो खरोखर चकित झाला. ते वाक्य त्याने घरी मोठ्यांच्या गप्पांतून उचलले होते. दोघांना लगेच समोरासमोर आणण्याचा मोह आम्ही आवरला. तपकाळाच्या सुमारास ते आपणहून एकाच बाकावर बसू लागले. मध्यंतरी त्यांचे काय बोलणे झाले, किंवा झाले की नाही, ते आम्हांला ठाऊक नाही.

आता ती दोघेही वेदीसेवक आहेत. परवा सणाच्या मिस्सापूर्वी सॅक्रिस्टीत घंटा कोणी वाजवावयाची यावरून दोघांत जुंपली. आम्ही दारातून आत जाणार एवढ्यात एकाने हात वर करून "टाइमप्लीज" म्हटले. मग बराच वेळ कुजबुज चालली होती. प्रमुख धर्मगुरू पूर्ण वेषभूषा करून, हात जोडून, काही न बोलता उभे होते. शेवटी असे ठरले की अर्पणविधीपर्यंत घंटा एकाकडे आणि त्यानंतर दुसऱ्याकडे. मिस्सा सहा मिनिटे उशिरा सुरू झाला.